भट्टीची रेघ

मी एक जुनी भट्टी आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटात राग आहे.

एका छोट्या कारखान्याच्या कोपऱ्यात मी उभी आहे. मोडलेली हाडं जोडायला मॅग्नेशियमचे स्क्रू लागतात, ते मी शेकते. हाड जुळेपर्यंत ते टिकतात आणि मग अंगातच विरघळतात. पण त्यांना आठ तास सारखी आच लागते. ती कमी पडली, तर स्क्रू आधीच विरघळतो आणि हाड आधाराविना राहतं.

मला चालवणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणतात. एकोणीस वर्षांत त्यांनी मला कधी घाई केली नाही. माझ्या अंगावर एक गोल कागद फिरतो. त्यावर लेखणी माझ्या तापमानाची रेघ काढते.

एका दुपारी काकू जेवायला गेल्या होत्या. सुपरवायझरला माल लवकर पाठवायचा होता. त्याने तीनच तासांनी, दार उघडून आच उतरण्याआधी, तो कागद लेखणीखाली हाताने फिरवून पुढच्या पाच तासांची रेघ ओढून टाकली. मग स्क्रू बाहेर काढले. काकू परतल्या तोवर माल तपासणीला गेला होता, आणि कागद आठ तास पुरे दाखवत होता.

तपासणीत नमुन्याचा स्क्रू मिठाच्या पाण्यात टाकला, तर दोन दिवसांत त्याची काडी झाली. सुपरवायझरने सरळ हात वर केले. भट्टी म्हातारी झाली आहे आणि काकूंचं लक्ष नसतं, असं त्याने मालकांना सांगितलं. काकूंची नोकरी जायची वेळ आली. मी नुसती जळत राहिले. त्याचे हात भाजावेत असं मला वाटलं, खोटं कशाला सांगू?

काकूंनी तो कागद मालकांपुढे ठेवला.

"माझी भट्टी सरळ रेघ काढत नाही, साहेब. ती तापते, थांबते, परत तापते, म्हणून रेघेला बारीक दाते असतात. पहिले तीन तास बघा, दाते आहेत. पुढचे पाच तास गुळगुळीत आहेत. ही रेघ हाताची आहे."

सुपरवायझरचा चेहरा पडला. मला फार बरं वाटलं. त्याला त्याच दिवशी घरी बसवलं. ते स्क्रू मोडीत गेले, कुणाच्या हाडात गेले नाहीत.

मित्रांनो, यंत्रांना पुसा, तेल द्या, त्यांना वेळ द्या. आणि आपलं पाप त्यांच्या माथी मारू नका.

परवा तो काकूंची माफी मागायला आला होता. काकूंनी त्याला बसवून चहा दिला. माझ्याकडे तो फिरकलाही नाही. आला असता, तरी मी त्याला माफ केलं नसतं.