माझ्या ब्लॉगचा एकुलता एक वाचक

त्या बुधवारी मी ब्लॉगला कुलूप लावलं. "मंडळी, ही शेवटची पोस्ट. आभारी आहे," एवढं लिहून टाकलं आणि भांडी घासायला घेतली. मंडळी कसली डोंबलाची. तीन वर्षं मी मालवणी जेवणावर लिहितेय आणि वाचकांचा आकडा किती, तर एक. कधी चुकून दोन झाला तर त्यातली एक मी.

माझा नवरा सुयोग म्हणायचा, "हेमांगी, वाचत कोण नाय तर रील टाक ना." त्याचं बरं आहे, सल्ला द्यायला गॅस जळत नाही. उत्साह टिकवायचा कसा, यावर मी ऑनलाइन वर्कशॉपसुद्धा केलं. त्यातला मुलगा म्हणाला, डोळे मिटा आणि तुमचा वाचक समोर आणा. मी मिटले आणि मला झोप लागली.

सकाळभर दवाखान्याच्या रिसेप्शनवर लोकांची बोलणी खायची, घरी येऊन स्वयंपाक करायचा, मग लिहायचं. कोणासाठी? भांडी घासता घासता रडू आलं, खोटं कशाला सांगू. मला हे लिहिणं आवडत होतं आणि ते कुणालाच नको होतं.

दुपारी शेपू आणायला खाली उतरले. दिंडोशीची आमची सोसायटी अर्धी कोकणातली, गिरण्या बंद पडल्यावर परळहून इकडे आलेली. पाण्याच्या पंपाच्या खोलीमागे एक बाकडं आहे, तिथे म्हातारी मंडळी बसतात. मला वाटायचं, पत्ते कुटतात. खोलीपाशी नेमका माझ्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून वाकले, तर पलीकडून माझंच वाक्य ऐकू आलं.

दुसऱ्या मजल्यावरची रुचिरा मोबाईलवरून मोठ्याने वाचत होती. मी आठवड्यापूर्वी लिहिलेला बांगड्याचा तिखला. शेजारी तिचे आजेसासरे भिकाजी आजोबा. साखरेने त्यांची नजर गेलीय. सोनूबाई होत्या, अंबादासकाका होते, आणखीही बरेच जण होते. वाचून संपलं तसे सगळे एका सुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा."

मी चाटच पडले. आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस मागणं बोलतो आणि जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्याशिवाय ते देवाला पोचत नाही. सोसायटीच्या गणपतीत गाऱ्हाण्याचा मान भिकाजी आजोबांचा. आणि इथे ही मंडळी माझ्या तिखल्याला व्हय म्हणत होती.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. मोबाईल एकटी रुचिरा उघडायची आणि ऐकायचं सगळं बाकडं. ब्लॉगच्या हिशेबी तो एकच वाचक.

"आजोबा, आज नवीन आलंय," रुचिरा म्हणाली. "वाच गो," आजोबा म्हणाले. तिने वाचलं, "मंडळी, ही शेवटची पोस्ट. आभारी आहे."

सोनूबाईंनी कपाळाला हात लावला. आता मात्र मला खोलीआड उभं राहायची लाज वाटायला लागली.

"ह्याका व्हय कोण म्हणतलो?" आजोबा म्हणाले.

"मी तर म्हणूचंय नाय," सोनूबाई म्हणाल्या.

आजोबा काठीवर जोर देऊन उठले, टोपी सारखी केली, हात जोडले. "बा देवा म्हाराजा, चवथ्या माळ्यावरची आमची हेमांगी कित्याक तरी रागावली हा. तिचो राग शांत कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"माका दिसत नाय. पण तिच्या लिवण्यात माका माझ्या आवशीची चूल दिसता. ती चूल इझाक दिव नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या तेव्हा कळलं, शेवटचा आवाज माझा होता. गाऱ्हाणं चालू असताना आमच्या माणसाला गप्प बसता येत नाही. लहानपणापासूनची सवय, तोंडातून आपोआप निघतं.

"तू पण म्हटलंस गो," सोनूबाई हसत म्हणाल्या. "आता सुटका नाय."

तुटकी चप्पल हातात घेऊन मी तशीच रडत होते. "आजोबा, एक कमेंट टाकली असतीत तर काय बिघडलं असतं?"

"कमेंट खंय टाकतत ता आमका काय ठावक?" ते म्हणाले. "आमी तर रोज व्हय म्हणतव. तुका वर आयकाक येत नाय?" मग जरा थांबून म्हणाले, "आणि बाय, तिखल्यात तिरफळा घालूक इसारलंस."

शेपू राहूनच गेला. वर येऊन आधी ती पोस्ट पुसली, तिखल्याच्या पोस्टमध्ये तिरफळं घातली आणि नारळाच्या रसातल्या शिरवाळ्यांवर लिहायला बसले. देवाने मला एवढं दिलं होतं आणि मी आकडे बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी आकडा बघितला. एक. त्या एकाला मी हात जोडले.