डाव्या काखेतलं वजन

आता दुकानात काचेखाली शंभर पिस्तुलं मांडलेली असतात आणि विकणारा एकेकाचं गुणगान गातो. आमच्या वेळी निवड म्हणजे काय, तर ओळखीच्यांच्या ट्रंकेतून जे निघेल ते. त्या ऑगस्टमध्ये, एका शनिवारी दुपारी, माझ्या जोडे शिवायच्या बाकावर अशी तीन निघाली होती, आणि त्यातलं एक आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या अंगावर चढवायचं होतं.

गुरुवारी भर उन्हात कुणीतरी त्यांच्या मोटारीवर गोळी झाडली होती. मागची काच गेली, ते वाचले. कुणी झाडली हे कुणी विचारलं नाही, का झाडली ते सगळ्यांना ठाऊक होतं. सोमवारी ते मंडळीतल्या चौदा जणांना घेऊन कचेरीत जाणार होते, मतदारयादीत नाव घालायला. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आमच्या मॅबरी क्रॉसिंग गावाच्या यादीत तोवर एकाही काळ्या माणसाचं नाव नव्हतं.

मी टॉलिव्हर मिम्स, धंद्यानं मोची, चर्चमध्ये डीकन, म्हणजे पाळकांच्या मदतीचा सेवक. कातड्याचं काम करणाऱ्याकडे लोक बंदुकीही दुरुस्तीला आणतात, त्यामुळे त्यातलं थोडंफार कळायचं. गाण्यातलं काही कळायचं नाही. मी सूर धरला की पुढच्या बाकावरच्या बाया पंखे जोरात हलवायच्या. पण आमच्या पाळकसाहेबांचा, रेव्हरंड स्टॉलवर्थांचा उपदेश ऐकायला मी तापातही उठून गेलोय. ते उपदेश सांगायचे नाहीत, गायचे. आधी साधं बोलणं, शेजारी कुंपणाशी उभा राहून बोलतो तसं. मग वाक्यं आखूड व्हायची, मंडळीचं ‘आमेन’ मध्ये मध्ये पडायला लागायचं, आणि कधीतरी त्यांचा डावा हात कानामागे जायचा. तो हात गेला की आम्ही ओळखायचं. आता शब्दाला सूर फुटणार. मग माणूस आठवडाभराचं जे काही पाठीवर घेऊन आलेला असेल ते तिथे उतरवून ठेवायचा. माझी लेक गेली त्या वर्षी मी त्या आवाजावर जगलो. याहून जास्त मला सांगता येत नाही.

तर शनिवारी ते आले, सोबत त्यांची बायको सिस्टर ओरीलिया आणि दुसरे डीकन होशेय बिब्ज. मंडळीत आम्ही एकमेकांना ब्रदर-सिस्टरच म्हणायचो. बिब्जनं लष्करातलं पंचेचाळीसचं पिस्तूल फडक्यातून काढून ठेवलं.

“हे घ्या. याच्याबरोबर मी इटली पाहिली.”

“इटलीत तू बटाटे सोलत होतास, बिब्ज,” मी म्हणालो.

“सोलत होतो ना. पण हे कमरेला लावून सोलत होतो. एका बटाट्याची हिंमत झाली नाही.”

पाळकसाहेब हसले. सिस्टर ओरीलिया हसल्या नाहीत.

पंचेचाळीस अंगाला चपटं बसतं, कपड्याखाली दिसत नाही, हा त्याचा गुण. पण ते तयार ठेवायचं तर घोडा मागे ताणून, खटका लावून ठेवायला लागतो. नाहीतर वेळेला दोन्ही हातांनी वरचा भाग खेचायचा. पाळकसाहेबांनी खेचून पाहिला. कपाळावर घाम आला, पण तो अर्ध्यावरच अडकला.

“माझा हात पुस्तकाची पानं उलटायला बसलाय, ब्रदर मिम्स.”

“आणि तुमच्यावर गोळ्या झाडणाऱ्यांचा कशाला बसलाय?” सिस्टर ओरीलिया म्हणाल्या.

दुसरं होतं बत्तीसचं, निकेल चढवलेलं, मधून मोडून उघडणारं. पाळकसाहेबांच्या आजोबांचं. जाकिटाच्या खिशात मावेल एवढं.

“हे तर माझ्या पावडरच्या डबीएवढं आहे,” त्या म्हणाल्या.

“यानं माणूस पडत नाही बाई, चिडतो,” मी सांगितलं. “वर बिजागरी सैल झालीय.”

“मग हेच द्या,” पाळकसाहेब म्हणाले. “निदान पाप तेवढं हलकं.”

“लेम्युएल,” सिस्टर ओरीलिया म्हणाल्या, “मी काल त्या मोटारीतल्या काचा झाडल्यात. थट्टा पुरे.”

मी तिसरं उचललं. अडतीसचं रिव्हॉल्वर, चार इंची नळी, एका म्हाताऱ्या रेल्वे पहारेकऱ्याकडून माझ्याकडे आलेलं. वजनाला पावणेदोन पौंड, कुशीत टोचणारं. पण त्यात शिकायचं काही नाही. चाप ओढायचा. नाही उडालं तर पुन्हा ओढायचा. चक्रीच्या सहा घरांत मी पाचच काडतुसं घातली. घोड्याखालचं घर आमचे जुने लोक मोकळं ठेवायचे. पडलं, आपटलं, तरी गोळी आपल्याच मांडीत जायला नको.

“हेच,” मी म्हणालो. आणि मी म्हटलं म्हणून तेच ठरलं. पुढचं सगळं तिथून सुरू होतं, म्हणून सांगून ठेवतो, निवड माझी होती.

मी त्यांना दुकानाच्या मधोमध उभं केलं, अंगावर उपदेशाचा झगा चढवायला लावला आणि शिंपी मापं घेतो तशी घेतली. डाव्या काखेखाली म्यान, दोन्ही खांद्यांवरून पट्टे. समोर बक्कल आलं की झग्यावर उंचवटा दिसायचा, म्हणून बक्कल पाठीवर घेतलं. दुहेरी टाका घातला. झगा नीट पडला. समोरून बघा, बाजूनं बघा, काही म्हणून दिसत नव्हतं. बिब्ज म्हणाला, “मिम्स, तू प्रभूच्या देवदूताचे पंखही झाकशील.” मला आतून बरं वाटलं. आता ते जगतील असं वाटलं.

रविवारी चर्च दारापर्यंत भरलं होतं. चौदाही जण पुढे बसले होते. त्यांत शाळेत स्वयंपाक करणारी सिस्टर परमीलिया गेट्स होती, तिला नोकरीवरून काढायची धमकी आली होती. तिघे कुळानं शेती करणारे होते, त्यांच्या मालकांनी शनिवारीच घर रिकामं करायचं सुचवलं होतं. ते सगळे एकाच गोष्टीसाठी आले होते, सोमवारी पाय उचलतील एवढं बळ न्यायला. ते दुसरीकडे कुठे मिळत नव्हतं.

पाळकसाहेबांनी बायबलमधली गोष्ट घेतली, शत्रू हसत असताना पडलेल्या शहराचा तट पुन्हा बांधणाऱ्यांची. एका हातात थापी, दुसऱ्यात तलवार. मला मनात हसू आलं, बिब्जनं मला कोपरानं ढोसलं.

बोलणं चढलं. वाक्यं आखूड झाली. “त्यांनी बांधलं!” मंडळी म्हणाली, “हो!” “हसणारे हसले!” “हो!” पियानोवाल्या बाईंनी खालचा सूर धरून ठेवला, आणि आम्ही सगळे त्या हाताची वाट बघायला लागलो.

हात वर गेला नाही.

डावं कोपर बरगडीला चिकटून होतं. उजवा हात एकटाच हवेत फिरत होता, दोरीनं एका पायाला बांधलेल्या कोंबड्यासारखा. आवाज चढायचा, तोंडाशी यायचा आणि परत फिरायचा. एकदा उडी मारायला ते वाकले आणि अर्ध्यात थांबले. मला कळलं, त्यांना म्यान हलल्याचं जाणवलं असणार. मी त्यांचं माप उभं करून घेतलं होतं. चालता-बोलता माणूस मापला होता. गाणारा मापलाच नव्हता. अठरा वर्षं ज्या माणसाला दर रविवारी गाताना पाहिलं त्याचं!

मंडळीला पिस्तुलाचं ठाऊक नव्हतं. पण कान फसत नाहीत. ‘हो’ विरळ झाला. सिस्टर परमीलियानं मांडीवरची पर्स उचलून छातीशी धरली. तिच्या मागचा एक शेतकरी टोपीच्या कडेकडे बघत बसला. माणूस भितो तेव्हा आधी डोळे खाली जातात. मी मनात म्हटलं, प्रभू, उद्या यातले चार जणसुद्धा येणार नाहीत, आणि ते माझ्या टाक्यामुळे.

पाळकसाहेब थांबले. पियानोही थांबला. त्यांनी रुमालानं चेहरा पुसला, आणि साध्या आवाजात म्हणाले, “ब्रदर मिम्स, वर या. तुम्ही बांधलंत, तुम्हीच सोडवा.”

बक्कल पाठीवर होतं ना. त्यांचं त्यांना काढता येईना. मी पाच पायऱ्या चढलो. झगा मागून वर केला, बक्कल सोडलं. बोटं अशी घसरत होती की जन्मात कातडं हातात धरलं नसावं. पट्टे उतरले, आणि चारशे डोळ्यांदेखत ते रिव्हॉल्वर माझ्या हातात आलं. कुणीतरी ‘येशू’ म्हणालं, अगदी हळू. बायांच्या बाकावर, पहिल्या ओळीत, सिस्टर ओरीलिया बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

“मी घाबरलो होतो,” पाळकसाहेब मंडळीला म्हणाले. “अजून आहे. तुम्ही आहात का?”

“हो,” सगळे म्हणाले. त्या दिवशीचा तो पहिला भरलेला ‘हो’.

“मग घाबरत घाबरतच बांधू,” ते म्हणाले, आणि डावा हात कानामागे गेला.

पुढचं मला लिहिता येत नाही. मी बाकावर बसून होतो, मांडीवर टोपी, टोपीखाली ते वजन, आणि डोळ्यांतून पाणी. तासभर गायले ते. शेवटी आवाज चिरला, तरी थांबले नाहीत. फाटलेल्या आवाजानं तर माणसं अधिक उठली. सिस्टर परमीलिया उभी राहिली ती बसलीच नाही.

सोमवारी सकाळी पाळकांच्या घरासमोर चौदाऐवजी सतरा जण उभे होते. मी रिव्हॉल्वर कोटात घालून आलो होतो. पाळकसाहेबांनी माझा कोट चाचपला आणि नको म्हणून मान हलवली. बोलले ते कुजबुजत, घसा पार बसला होता. “कचेरीत झडती घेतील. एकाकडे सापडलं तर सतराही तुरुंगात. ठेवा ते.”

“कुठे ठेवू?”

“माझ्याकडे,” सिस्टर ओरीलिया दारातून म्हणाल्या. त्यांनी मला आत बोलावलं. “काल तुम्ही त्यांना मंडळीला परत दिलंत, ब्रदर मिम्स. छान केलंत. मी पण रडले. पण माझा नवरा मला कोण परत देणार? गोळी झाडणाऱ्यांना हे घर ठाऊक आहे. परवा बाकावर तीन पिस्तुलं मांडलीत, पण माझा हात कुणी मापला?”

मी चाप दाखवला, मोकळं घर दाखवलं. त्यांचा हात स्थिर होता. त्यांनी ते एप्रनखाली घेतलं, चवळीच्या शेंगांचं टोपलं ओढलं आणि खिडकीशी खुर्ची लावली.

“येताना वळणावरून लेम्युएलला हाक द्यायला सांगा,” त्या म्हणाल्या. “अंगणात पाऊल पडायच्या आत मला त्यांचा आवाज हवा. नाही आला तर मी ‘कोण’ म्हणून विचारणार नाही.”

मी हो म्हटलं. इतकं साधं मागणं, मी त्यावर विचारही केला नाही.

कचेरीत आम्हाला साडेचारपर्यंत भिंतीशी उभं ठेवलं. कारकुनानं दोघांचे अर्ज घेतले, बाकीच्यांना उद्या या म्हणाला. कुणी मारलं नाही. फक्त परतताना एक ट्रक आमच्यामागे लागला. आत तीन गोरी माणसं. आमच्या चालीनं, पंधरा हात मागे, दीड मैल. कुणी मागे वळून बघितलं नाही. सिस्टर परमीलिया माझ्यापुढे चालत होती, तिच्या मानेवरची शीर उडताना दिसत होती.

वळणावर घर दिसलं. खिडकीचा पडदा बोटभर बाजूला होता. ट्रकनं तिथेच वेग वाढवला आणि आमच्या शेजारून पुढे जाऊन अंगणाच्या तोंडाशी आडवा थांबला. दारं उघडली. पाळकसाहेब घाईनं पुढे झाले, आमच्यापासून सुटून, थेट ट्रक आणि खिडकी यांच्या मधे. मी ओरडलो, “हाक द्या!” त्यांनी तोंड उघडलं. नुसती हवा आली. काल सगळा आवाज त्यांनी आम्हाला देऊन टाकला होता.

पडदा हलला. त्या बोटभर फटीतून आतून ट्रक दिसत असणार, मधे कोण आलंय ते नाही. मला नळी दिसली, का तसं वाटलं, देव जाणे.

मग मी गायलो. जे तोंडात आलं ते, सूर नाही, ताल नाही, “त्यांनी बांधलं!” एवढंच. माझा घोगरा आवाज कुणाला ओळखू आला असता? पण पुढून सिस्टर परमीलियानं ‘हो’ दिला, मग बाकीच्या सगळ्यांनी दिला, आणि तो मंडळीचा आवाज होता. रविवारचा. तो त्या बाईनं अठरा वर्षं पहिल्या ओळीत बसून ऐकला होता. आम्ही गात गात ट्रकच्या बाजूनं चालत गेलो. त्या तिघांतला एक ट्रकच्या पायरीवर एक पाय ठेवून उभा होता. तो तसाच राहिला. आम्ही सतरा जण पाळकसाहेबांच्या भोवती उभे राहिलो तेव्हा तो थुंकला, आत बसला, आणि ट्रक गेला. घाई न करता गेला. परत येणारा जातो तसा.

आत सिस्टर ओरीलिया खुर्चीतच होत्या. शेंगा न सोललेल्या. रिव्हॉल्वर दोन्ही हातांत, बोट चापावर, आणि ते बोट निघेना. “सुटत नाहीये,” त्या म्हणाल्या, लहान आवाजात. पाळकसाहेब गुडघ्यावर बसले. बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी नुसतं बायकोच्या हातांवर तोंड ठेवलं, आणि मग एक एक बोट सोडवायला लागले.

मी दाराशी उभा होतो. शेवटचं बोट सुटल्यावर त्यांनी रिव्हॉल्वर माझ्याकडे दिलं नाही. बायकोकडे पाहिलं.

“उद्या परत बोलावलंय ना?” सिस्टर ओरीलियांनी विचारलं.

पाळकसाहेबांनी हो म्हणून मान हलवली.

“मग राहू द्या इथेच,” त्या म्हणाल्या, आणि ते परत एप्रनखाली घेतलं.