आत्याबाईंनी आणलेलं पोर

मी सातव्या महिन्यात जन्मलो आणि त्याच दिवशी माझ्या आजीने मला मारून टाकलं. म्हणजे आईला तसं सांगितलं. वाईट बुद्धीने नव्हे. पण चांगल्या बुद्धीने माणसं काय काय करून बसतात, ते मी पहिल्या दिवसापासून बघत आलोय. हे सगळं मला पुढे आजीनेच सांगितलं, दरवेळी रडून.

आमचं घर सांगोल्याकडचं. सुगी सरली की सोलापूरच्या बाजूला यायचं आणि खतासाठी लोकांच्या रिकाम्या शेतांत मेंढरं बसवायची, हा शिरस्ता. त्या साली मुक्काम शहराबाहेर, गिरणीचा भोंगा ऐकू येईल अशा रानात होता. बाप, धुळा, लोकर विकायला गेलेला. त्यातच माझ्या आईच्या, चिमाबाईच्या, पोटात अवेळी कळा सुरू झाल्या. आजीने, मायाक्काने, ओढ्यापलीकडच्या चंद्रव्वा सुइणीला आणलं. मी बाहेर आलो तो मुठीएवढा, आणि आई शुद्धीवर नव्हती.

आदल्या वर्षी आईची पहिली मुलगी आठवडाभर जगून गेली होती. मेलेलं लेकरू तिने उराशी धरून ठेवलं, कुणाला देईना. वेड लागायचंच बाकी होतं. आजीच्या डोळ्यांपुढे तेच आलं. हे पोरही दिवस मावळेपर्यंत जाणार, मग हिला माया कशाला लावू द्यायची? तिने मला चंद्रव्वाच्या झोपडीत लोकरीच्या पाटीत ठेवलं. आई शुद्धीवर आल्यावर बिरोबाचा भंडारा शपथेला उचलून सांगितलं, पोर मेलेलंच आलं, पुरलं.

मी मात्र गेलो नाही. आजीची पंचाईत झाली. कापसाच्या वातीने शेळीचं दूध पाजत दोघी म्हाताऱ्या माझ्या मरणाची वाट बघत बसल्या, आणि वाट बघता बघता आजीलाच माझी माया लागली. तिसऱ्या दिवशी मी वातही चोखेना. हातपाय गार पडू लागले. चंद्रव्वा म्हणाली, आता शेगडीची ऊब पुरायची नाही, ह्याला आईचं अंग पाहिजे. आजीने मला पदराखाली घेतलं आणि भर दुपारी ओढा ओलांडला.

आई पालात पडून होती. दूध येऊन छाती ठणकत होती म्हणून तिने वरून घट्ट फडकं बांधलं होतं. आजीने मला तिच्याजवळ ठेवलं आणि सगळं कबूल केलं. आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

इथे एक सांगायला हवं. मेंढीचं कोकरू मेलं की आमच्यात त्याचं कातडं एखाद्या पोरक्या कोकराच्या अंगावर बांधतात. मेंढी वास घेते, फसते आणि त्याला पाजू लागते. त्याच महिन्यात आईने स्वतःच्या हाताने असं कातडं बांधलं होतं. आणि गिरणीच्या चाळीतली एक बाळंतीण मूल मागे ठेवून मेल्याचं चंद्रव्वा आईसमोर बोलून गेली होती. आईने दोन्ही गोष्टी जोडल्या.

"मी मेंढी हाय व्हय, आत्याबाई?" ती सासूला म्हणाली. "कुणाचं पोर आणलंय तुमी?"

आजीने भंडाऱ्याची पिशवी पुढे ओढली.

"परवा मेलं म्हणून सांगताना बी भंडाराच उचलला व्हता की."

आजीने पिशवी परत मागे घेतली.

मी तेवढ्यात रडलो. रडणं कसलं, मांजराच्या पिलाएवढा आवाज. पण तेवढ्याने आईचं फडकं भिजलं. तिला स्वतःच्याच अंगाचा संताप आला. ते मेंढीसारखं फसलं असं तिला वाटलं. तिने तोंड फिरवलं. हरलेली आजी मला उचलायला वाकली, तेव्हा माझा पाय आईच्या मनगटाला लागला.

"लई गार पडलंय की," आई म्हणाली. तिने फडकं सोडलं, मला उघड्या छातीवर घेतलं आणि वरून घोंगडं ओढलं. दूध पिळून थेंब थेंब माझ्या ओठांत सोडलं. तुझंच हाय गं, असं आजी पुन्हा सांगायला लागली, तर आईने तिला गप्प केलं.

"कुणाचं बी असू दे. आता माजं हाय."

बाप परत आला, मेंढरं पुढच्या रानात हलली, तरी तिने मला खाली ठेवलं नाही. छातीशी बांधूनच ती चालली, बसली, झोपली.

मी वाढलो तो हुबेहूब बापाचं नाक घेऊन. लोक म्हणत, धुळ्याचाच हाय. आई म्हणे, असंल. आजीला ते 'असंल' जन्मभर टोचलं. ती अंथरुणाला खिळली, दोन दिवसांची सोबती उरली, तेव्हा तिने आईचा हात धरून विचारलं, "चिमा, आता तरी खरं वाटतं का गं?"

"कवाच वाटलं," आई म्हणाली. "पर त्या दिशी वाटलं न्हवतं, आत्याबाई. तरी घेतला की मी."

मी दारात उभा होतो. बाप्यामाणसाने रडू नये म्हणतात, पण मला रडू आवरेना. त्या रडण्याचा आजीच्या मरणाशी काही संबंध नव्हता.