दार लावून घ्या

गिरीश नेहमीसारखा वाकला. एक हात चाकांच्या खुर्चीतल्या वैजयंतीताईच्या पाठीमागे, दुसरा गुडघ्यांखाली. वैजयंतीने त्याचा हात बाजूला केला.

"उचलू नकोस. रॅम्प आहे ना आता."

"अगं, सवय!" तो ओशाळून हसला.

सवयच होती. लहानपणी पोलिओने पाय गेले, तेव्हापासून आधी वडील आणि मग हा धाकटा भाऊ. लंडनजवळच्या हॅरोतल्या या सर्जरीच्या, म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्याच्या, पायऱ्या त्याने तिला उचलूनच चढवल्या. मराठी मंडळात त्याचं कौतुक तर विचारू नका! म्हणून तिने सर्जरीकडे आणि कौन्सिलकडे रॅम्पचा तगादा लावला, तेव्हा बायका चक्क म्हणाल्या, "सोन्यासारखा भाऊ असताना हे कसले नखरे?" गिरीश दोन दिवस मान खाली घालून जेवला. बाई हटली नाही. थंडीत सर्जरीच्या दारासमोर खुर्ची लावून बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायची. ईस्टरला लाकडी रॅम्प झाला. धन्य ती बाई!

खरं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. दिवाळीत अंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ हाताला लागली होती. पण गिरीश तिला उचलून आत नेई आणि स्वतःही आतच बसे. रिसेप्शनवर त्याला विचारत, डॉक्टरही त्यालाच विचारत, आणि तो बिचारा मन लावून सांगे, झोप कशी, भूक कशी. डॉक्टर घरी आले तर अख्खं घर पलंगाभोवती. आता भावासमोर हे कसं सांगायचं? मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं तिला.

रॅम्प चढून ती दारापाशी थांबली. दम लागला होता.

"तू बाहेर बस," ती म्हणाली.

"आणि आत काही लागलं तर?"

"तोंड आहे मला."

आत डॉक्टर अनुराधा होत्या. त्यांनी सवयीने तिच्या मागे पाहिलं.

"गिरीश कुठे आहेत?"

"बाहेर. दार लावून घ्या, डॉक्टर."

वैजयंतीने सगळं सांगितलं. डॉक्टरांनी तपासायच्या उंच पलंगाकडे पाहिलं.

"वर झोपवायला हवं होतं. बोलावू का त्यांना, उचलायला?"

"नको."

डॉक्टर स्टूल ओढून तिच्या खुर्चीसमोर बसल्या.

"बरं, इथेच बघते. पलंग उंच आहे, त्यात तुमचा काय दोष! तो बदलायचं मी बघते." त्यांनी हात चोळून गरम केले, सावकाश तपासलं, आणि लगेच हॉस्पिटलला फोन लावला.

वैजयंती बाहेर आली तेव्हा गिरीश कोट हातात घेऊन उभाच होता.

"काय म्हणाल्या?"

"गाठ आहे छातीत. सोमवारी हॉस्पिटलला बोलावलंय."

त्याचा चेहरा उतरला.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"अगं ताई, मग इतके दिवस बोलली का नाहीस? आपण किती वेळा आलो इथे!"

"कधी बोलणार? तू कायम आत होतास."

गिरीश रॅम्पकडे बघत राहिला.

"सोमवारी मी येऊ ना?" त्याने हळूच विचारलं.

"ये की. तुझ्याशिवाय मला धीर कुठे?"

"बाहेर बसेन," तो म्हणाला.