टेबलाखालचं लोखंड

"हे हीर माह्या मालकानं खंदली, साहेब," रुखमाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्तच राग आला.

जानेफळच्या शिवारात तिच्या आणि तिच्या दिराच्या, म्हणजे इंद्रभानच्या, शेतांमधली हद्द आम्ही मोजत होतो. साल त्रेसष्ट. मी नवा मोजणीदार, बावीस वर्षांचा, आणि सरकारी मोजणी चुकत नसते असं छातीठोकपणे सांगणारा. जुन्या नकाशावरची रेघ शेतात उतरवली तर विहीर इंद्रभानकडे गेली. रुखमाबाईचा नवरा वारला होता. तिची मिरची त्याच पाण्यावर उभी होती. विहीर गेली की तिचं ओलीत संपलं.

"वैनी, साहेबानं सांगतलं ना? आता काऊन बोलता?" इंद्रभान म्हणाला.

माझा साखळीवाला शकूरभाई बाजूला उभा होता. सव्वीस वर्षं त्यानं जमीन मोजायची लोखंडी साखळी ओढली होती. आठ दिवसांपूर्वी त्याची बायको सुगराबी गेली. चौथ्या दिवशी तो कामावर हजर. सांगितलं ते करायचा, विचारलं तर "हाव" म्हणायचा. रडताना त्याला कुणी पाहिलं नाही.

मोजणीआधी नकाशा लावलेलं टेबल ओरिएंट करावं लागतं. मुळात त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ पूर्वेकडे तोंड करणं, असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. आम्ही मात्र होकायंत्र ठेवून कागदावरची उत्तर शेतातल्या उत्तरेशी जुळवायचो. जवळ लोखंड असलं की सुई फिरते. म्हणून साखळी दहा पावलं लांब ठेवायची, हे शकूरभाईचं काम.

दुसरी शिकलेला माणूस, पण हा शब्द त्याचा भारी लाडका. खाट, बैलगाडी, दारू प्यालेला कोतवाल, सगळ्यांना तो ओरिएंट करायचा. "घरची साहेबीन तं मलेच रोज ओरिएंट करते," असं सुगराबीबद्दल सांगून स्वतःच हसायचा. ती गेल्यापासून हा शब्द त्याच्या तोंडून ऐकला नव्हता.

मी नकाशा गुंडाळायला घेतला. शकूरभाई टेबलापाशी आला, वाकला आणि त्यानं खालून जादाची साखळी बाहेर ओढली.

"साहेब, टेबल ओरिएंट नव्हतं. लोखंड खाले होतं."

"केव्हा?"

"सुई लावली तवा. मीच ठेवलं. काऊन ठेवलं, मालूम नाही."

"आता हे काय नाटक काढलं बे?" इंद्रभान त्याच्या अंगावर धावून गेला. शकूरभाई जागचा हलला नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुई लावण्याआधी टेबलाखाली बघायचं काम माझं होतं. साखळी लांब ठेवून पुन्हा सगळं केलं. रेघ अकरा हात सरकली आणि विहीर रुखमाबाईकडे राहिली. ती काहीतरी बोलायला शकूरभाईकडे आली, पण तो खुंट्या उपटत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

इंद्रभान वरच्या कचेरीत अर्ज करणार हे उघड होतं. फेरमोजणी का केली, ते कागदावर लिहावंच लागणार होतं.

"माहं नाव लिहा," शकूरभाई म्हणाला. "तुमची नौकरी नवी हाये."

मी नको म्हणालो. एकदाच म्हणालो. मग त्याचं नाव लिहिलं. तिथं माझं नाव हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

तीन आठवड्यांनी कचेरीतून कागद आला. निष्काळजीपणाबद्दल शकूरभाई महिनाअखेरीपासून कामावरून कमी. राहुटीबाहेर बसून मी तो त्याला वाचून दाखवला.

"हाव," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "उद्या कोनतं शिवार, साहेब?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"दूर हाये. मंग तांबडं फुटायच्या आंधी निघा लागन," तो म्हणाला, आणि सामान बांधायला उठला.