रविवारी न पाझरणारी भिंत

सान रोमुआल्दोच्या जुन्या नगरपालिकेच्या मागच्या भिंतीला पाणी सुटलं आणि मनिलाचं ते निम्मं उपनगर रिकाम्या बाटल्या घेऊन रांगेला लागलं. शंभर वर्षांच्या दगडांतून थेंब ठिबकत होते. खाली मेणबत्त्या, जपमाळा आणि मध्यभागी पांढऱ्या सदऱ्यातले वैदूबाबा, आपो दामिआन.

"साखर असो, संधिवात असो, सुनेचा जाच असो, तीन घोट घ्या," ते म्हणत. "गोळ्या मात्र बंद. स्वर्गातल्या वैद्याला खालचे डॉक्टर खपत नाहीत."

पुरावा म्हणून ते एक पुस्तिका उंच धरत. निवृत्त ग्रंथपाल उर्बानोने लिहिलेला नगरपालिकेचा इतिहास. इमारतीखाली एके काळी झरा असावा, असं त्यात होतं.

त्या 'असावा'ला कसलाही आधार नव्हता. पान भरत नव्हतं म्हणून उर्बानोने झरा काढला होता. पण पुस्तिकेला इतक्या वर्षांत मिळालेला हा पहिलाच वाचक, त्याला खोटं पाडणं जिवावर आलं. खरंच असेल झरा, आपल्याला तरी काय कळतं, असं म्हणत त्याने स्वतःच्या गुडघ्यांसाठी चार बाटल्या रिचवल्या.

मग त्याच्या थोरल्या बहिणीने, पासिंगने, मधुमेहाच्या गोळ्या सोडल्या. तिच्या पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडू लागली.

"ताई, डॉक्टरांना दाखवू या ना."

"झऱ्याचं तूच लिहिलंस. आता तुलाच शंका?"

उर्बानोने तिची रिकामी बाटली घेतली आणि रांग धरली. रांगेत उभं राहणं त्याला चांगलं जमायचं.

गावाच्या संताचा सण आला. कचेऱ्यांना सुट्टी. भिंतीपुढे पाय ठेवायला जागा नाही आणि भिंत कोरडी ठणठणीत.

"तुमच्यात कोणीतरी पापी आहे," आपो म्हणाले.

तो आपणच, याबद्दल उर्बानोला शंका नव्हती. मान खाली घालून तो पापं आठवू लागला. झऱ्यापाशी पोचला आणि त्याला भलतंच आठवलं. दोनदा तो रविवारी, प्रार्थना आटोपून आला होता. दोन्ही वेळा बाटली रिकामी गेली होती. त्याने वर पाहिलं. भिंतीच्या डोक्यावर महापौरांच्या खोलीची खिडकी होती.

तो पहारेकरी बर्तिंगकडे गेला. "साहेबांच्या खोलीतला एसी जरा लावतोस?"

"उकडतंय का, उर्बानोकाका?"

"नाही रे. पाप धुवायचंय."

अर्ध्या तासात भिंत पाझरू लागली. लोकांनी छातीवर क्रूस काढले.

"पापी निघून गेला," आपो म्हणाले.

उर्बानोने वर्गातल्या पोरासारखा हात वर केला. "मी इथेच आहे." "बर्तिंग, बंद कर."

थोड्या वेळाने थेंब थांबले. पुन्हा एसी लावला, पुन्हा आले. बर्तिंग शिडी लावून चढला. एसीच्या पाण्याचा पाइप एका सैल दगडामागे खुपसून वर नवं सिमेंट थापलं होतं.

"हा तर गटारात सोडलेला होता," तो वरून म्हणाला. "आत कोणी वळवला? आपो, तुम्ही कुठं निघालात?"

मागून एक म्हातारी म्हणाली, "म्हणजे आम्ही महिनाभर महापौरांचा एसी प्यायलो?"

"मीसुद्धा, आजी. चार बाटल्या," उर्बानो म्हणाला. "आणि झरा मी मनाने लिहिला होता. छापलेलं होतं म्हणून तुम्ही मानलंत, तुम्ही मानलंत म्हणून मीही मानलं. रविवारी पाणी का येत नाही, एवढं विचारायला पुस्तकं लागत नव्हती. यापुढे कोणी चमत्कार दाखवला तर तेवढं विचारा. माझ्या पुस्तकालाही विचारा."

पासिंग पुढे आली. तिने बाटली भिंतीपाशी उलटी केली.

"ग्रंथपाल म्हणे," ती म्हणाली. "चल आता, हात दे. दवाखाना तरी सणाला उघडा असतो ना?"