त्र्याहत्तरावर अडलेली दांडी

मित्रांनो, रामनगरच्या बाजारात गोपाळशेट भातवाल्यांच्या पडवीत रिकाम्या पोत्यांचा ढीग आहे. त्याच्याखाली एक लोखंडी फळी आणि एक पितळी दांडी तुम्हाला दिसेल. तो मी, एक जुना काटा. माझं वय विचारू नका. अंगावर दरवर्षी मारलेले सरकारी शिक्के आहेत, ते मोजा.

बेळगावच्या एका ओतशाळेत मी घडलो आणि ट्रकमधून इथे आलो. गुंद, उळवी या गावांकडचं भात वर्षानुवर्षं माझ्या फळीवर चढलं नि उतरलं. "गोपाळशेटचा काटा खोटं बोलत न्हाई," असं लोक म्हणत, आणि मी फुशारून जाई. मग लाल आकड्यांचा विजेचा काटा आला. माझी रवानगी पडवीत झाली. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या.

एका सकाळी गोपाळशेटांची सून अश्विनी आली. पोती बाजूला सारून ती माझ्यावर उभी राहिली. अठ्ठ्याहत्तर! तिचा चेहरा पडला. मी गोंधळलो. भात अठ्ठ्याहत्तर किलो भरलं की आमच्याकडे माणसं हसतात, मग हिला रडू का यावं?

हळूहळू कळलं. तिच्या रक्तात साखर वाढली होती. तीन महिन्यांत वजन आणि साखर उतरली नाही, तर गोळ्या सुरू कराव्या लागतील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. साखरेपायीच तिच्या आईचा पाय कापावा लागला होता. ती भीती हिच्या पोटात घर करून बसली होती.

भातवाल्यांची सून ती! ओलं भात उन्हात घातलं की वजन घटतं, हे तिने रोज पाहिलेलं. म्हणून अंगात स्वेटर घालून ती भर दुपारी चालू लागली. जेवण निम्म्यावर आणलं. घामाने निथळत माझ्यावर चढली की किलोभर कमी. तांब्याभर पाणी प्यायली की किलोभर परत! मी खरा कधी होतो, मघाशी की आत्ता? मला काही उमगेना.

दीड महिन्यात ती चौऱ्याहत्तरावर आली, पण एके दिवशी भाताची बुट्टी उचलताना भोवळ येऊन खाली बसली. शेजारची शिल्पा सरकारी दवाखान्यात नर्स होती. ती धावत आली.

"काय कराल्यास गं हे? नुसती चालतीस आणि उपाशी ऱ्हातीस. चरबीसंगं अंगातलं मांसबी झडालंय की!"

"मग चालायचं सोडू?"

"सोडू नको. सकाळी गारव्यात चाल, दम वाढतोय. आठवड्यातनं दोन-तीनदा वजन उचल, बसऊठ कर. आणि हुलग्याचं कढण पी, अंडं खा. दोन्ही पाहिजे बघ."

त्या दिवसापासून अश्विनी चालून येई आणि एक दिवसाआड दहा किलोची, पुढे वीस किलोची पिशवी उचले. आधी धापा टाकी, मग गुणगुणू लागली. मी मात्र संकटात सापडलो. माझी दांडी त्र्याहत्तरावर जी अडली, ती पाच आठवडे हलेना! गोपाळशेटांनी शिक्क्याचं वीस किलोचं वजन आणून मला तपासलं.

"काटा बराबर हाय, पोरी."

"मग मीच खोटी, मामा! माझ्या आईगत माझंबी व्हणार. सोडते आता हे समदं." ती माझ्यावरच बसून रडू लागली. तिला दुःख देणारा मीच, आणि खोटं तर मी बोललोच नव्हतो! मला माझाच राग आला.

तेवढ्यात सासूबाई, ताराबाई, धान्य मोजायच्या दोन पायल्या घेऊन आल्या. एका पायलीत पोचट भात, दुसरीत भरल्या दाण्याचं. दोन्ही त्यांनी माझ्यावर तोलल्या. भरल्या दाण्याची जड भरली.

"माप तेवढंच, पण वजन जास्त. का गं?"

"दाणा भरलाय, आत्ती."

"व्हय की न्हाई? आता आपल्या परकराची नाडी बघ. वीतभर जास्त लोंबालीया. वजन हाय तेवढंच, आणि माप उतरलंय. पोचट गेलं बाळा, दाणा भराला. काट्याला काय कळतंय त्यातलं?"

मित्रांनो, मला लागलं ते बोलणं. पण खरं होतं. इतकी वर्षं मी पायल्या तोलल्या आणि एवढी गोष्ट मला कळली नव्हती.

अश्विनीने डोळे पुसले आणि पिशवी उचलली.

तीन महिने भरले. तपासणीचा कागद घेऊन ती गोपाळशेटांबरोबर परतली तेव्हा त्यांनी दारातूनच हाक दिली, "साखर उतरलीया! गोळ्या नकोत म्हणाले डॉक्टर. असंच चालू ठेवा म्हणाले!" ताराबाईंनी सुनेला जवळ घेतलं. मला दांडी हलवून ओरडावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी अश्विनी माझ्याकडे आली. मी दांडी सरळ धरून वाट पाहत होतो. ती फळीवर चढलीच नाही. गुडघे वाकवून तिने मला दोन्ही हातांनी धरलं, आणि मित्रांनो, हमालही कुरकुरत उचलायचे तो मी, जमिनीवरून उचलला गेलो! ओलीतून काढून तिने मला कोरड्या जागी ठेवलं, गंज घासला, तेल दिलं. जन्मभर जगाला तोललं. मला तोलणारं माणूस पहिल्यांदा भेटलं.

मित्रांनो, जुन्या काट्याला अधूनमधून तेल द्या. माझ्यावर खुशाल उभे राहा, मी खरं तेच सांगेन. पण माझ्या एकट्याच्या शब्दावर रडत बसू नका. मला किलो तेवढे कळतात.